भंडाऱ्याच्या रंगाची फटफटी

गिऱ्हाईक रंग सांगतं आणि आपण तो देतो, हा माझा धंदा. उस्मानाबादकडच्या वाशीच्या बाजारात मी टांगे, बैलगाड्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचो. खडकेवाडीचा धुळाप्पा धनगर फटफटी ढकलत आला, त्या दिवशी मात्र त्यानं रंग सांगितलाच नाही.

"चाँदभाई," तो म्हणाला, "बाराही म्हैने लांबनं दिसंल असा रंग पायजे. उन्हाळ्यात, चिखलात, पावसात. कवा बी."

"कुनाला दिसाय पायजे?"

"पाटलाला."

नाव घ्यायची गरज नव्हती. खडकेवाडीचे बब्रुवान पाटील मला चांगले ठाऊक होते. निजामाचं राज्य गेलं, मराठवाडा मुंबई राज्यात आला, मग महाराष्ट्र झाला, पण खडकेवाडीच्या चावडीपर्यंत यातलं काही पोचलं नव्हतं. पाटील चावडीच्या कट्ट्यावर बसलेले असायचे आणि त्यांच्यापुढून कोणी बसून जायचं नाही असा रिवाज होता. घोडा असो, सायकल असो, उतरायचं, चपला हातात घ्यायच्या आणि चावडी मागं पडली की मग बसायचं. असा कायदा कुठंच नव्हता. पण तो मोडून बघायची हिंमत कोणी केली नव्हती. रंगाचे डबे लावलेली सायकल हातात धरून मीही तिथून अनवाणी गेलो आहे, आणि दर वेळी मनातल्या मनात पाटलाला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

धुळाप्पाचं दुखणं याहून मोठं होतं. तो लहान असताना त्याच्या आईच्या, नागूबाईच्या, पायावर दगड कोसळून घोटा मोडला. बाप तिला तट्टावर घालून हाडवैद्याकडं निघाला. धनगरआळी गावाच्या टोकाला, आणि बाहेर पडायचा रस्ता चावडीपुढूनच. पाटलांनी तट्टू अडवलं. "उतर. इथून पायी जायचं," एवढंच ते म्हणाले. बापानं पाय दाखवला, हात जोडले. पाटील म्हणाले, "चपला पन काढ." नागूबाई उतरली. नवऱ्याच्या खांद्यावर भार टाकून ती त्या मोडक्या घोट्यावर चावडी ओलांडेपर्यंत चालली. घोटा पुढं वाकडाच सांधला. म्हातारी आजही एका अंगाला झुकून चालते.

धुळाप्पा मेंढरांमागं वाढला आणि मोठा झाल्यावर लोकरीचा व्यापार करू लागला. भूम, वाशी, कळंब असे बाजार करायचा आणि लोकरीचे गठ्ठे सोलापूरच्या घोंगडीवाल्यांना पोचवायचा. तिथंच त्यानं पलटणीतून निघालेली ही जुनी फटफटी घेतली. त्यापायी निम्मी मेंढरं गेली. घरी नेऊन उभी केली तेव्हा नागूबाईनं तिच्याभोवती एक फेरी मारली.

"आय, बस मागं," धुळाप्पा म्हणाला.

"म्या चावडीपुढनंच बसून जाणार," म्हातारी म्हणाली. "आन् पाटील बघत आसंल तवाच. तवर न्हाय."

म्हणून रंग हवा होता.

मी त्याला धंद्याच्या गोष्टी सांगितल्या. काळा रंग घेतलास तर वैशाखात टाकीला मांडी लागली की भाजेल आणि धुळीचं बोटन् बोट उठून दिसेल. पांढरा घेतलास तर आमच्या काळ्या रानाचा चिखल पहिल्याच पावसात त्याची कळा घालवेल. बारा महिने फिरणाऱ्यानं मुरमाच्या रंगाचा तांबूस घ्यावा, मळ खपतो. यावर तो म्हणाला, "मळ खपाय नगं हाय मला. मीच लपून जायाला नगं." हिरवा मी सुचवला नाही. रझाकारांच्या वेळची पोलीस अॅक्शन लोकांच्या डोक्यातून गेली नव्हती, आणि चाँदपाशाच्या हातून लागलेल्या हिरव्या रंगाचा कोण काय अर्थ लावेल याचा भरवसा नव्हता.

शेवटी आम्ही पत्र्याचे तुकडे वेगवेगळ्या रंगांत रंगवले आणि चावडीसमोरच्या बांधावर बाभळीला टांगले. पाखरं हुसकायला लावलेत असं लोकांना सांगितलं. बाजाराला जाता-येता धुळाप्पा चावडीपाशी थांबायचा, पाटलाला रामराम घालायचा आणि पाटील बसतात त्या जागेवरून बाभळीकडं बघून घ्यायचा. बारा महिने दिसायला हवा तर बारा महिने बघायला हवा, असं त्याचं म्हणणं. मला आधी वाटलं, याचं डोकं फिरलंय. मग मीही त्या नादाला लागलो. उन्हाळ्याच्या धुरळ्यात तांबूस पत्रा हरवला. आभाळ भरून आलं तेव्हा काळा आणि निळा गेला. पिवळा सगळ्यांना पुरून उरला. फक्त पौषात करडई फुलली तेव्हा तो थोडा फिका पडला, म्हणून मी त्याला काळी किनार मारून बघितली. मग करडईतही तो उठून दिसला.

आणि हे वर्षभर धुळाप्पा चावडीपुढून ती फटफटी बंद करून ढकलत नेत होता, चपला हँडलला अडकवून. अर्ध्यामुर्ध्या रंगात त्याला रिवाज मोडायचा नव्हता.

"बंद पडली काय रं धुळ्या?" पाटील विचारायचे.

"व्हय पाटील," धुळाप्पा म्हणायचा. आणि वाशीत येऊन माझ्या दुकानात दात खात बसायचा.

रंग लावायच्या दिवशी त्यानं कमरेची पुरचुंडी सोडली. खंडोबाचा भंडारा होता. म्हणाला, हा डब्यात टाक. मी सांगितलं की तेलरंगात हळद विरघळत नाही, गुठळ्या होतात. पण धनगराला भंडारा नको म्हणून सांगणं माझ्या बापालाही जमलं नसतं. टाकला. गुठळ्या झाल्या. गाळून, घासून मी दमलो तरी टाकीवर खसखशीसारखे बारीक दाणे राहिलेच. माझ्या हातचं इतकं खडबडीत काम दुसरं नाही. पण उन्हात ती टाकी अशी पेटली की बाजारातली माणसं वळून बघू लागली.

दुसऱ्या दिवशी आईला आणायला गावात शिरताना धुळाप्पा फटफटीवर बसून, चपला पायात ठेवून, चावडीपुढून गेला. मी मागून सायकलवर होतो, कबूल करतो, जरा अंतर राखून. कट्ट्यावरची माणसं बघतच राहिली. आणि बब्रुवान पाटील काठी टेकत उठले, कमरेत वाकले आणि त्यांनी फटफटीला नमस्कार केला. मग शेजाऱ्याला विचारलं, "कोन सायेब आलं रं? तालुक्याचं का जिल्ह्याचं?"

म्हातारा आंधळा झाला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. घरच्यांनी ते झाकून ठेवलं होतं, आणि वर्षभर आवाजावरून माणसं ओळखत तो कट्ट्यावर डोळे रोखून बसला होता. आम्ही मात्र त्याच्यासाठी बाभळीला रंग टांगत होतो.

धुळाप्पा माझ्याकडं आला तो रडवेला. "त्यानं मला न्हाय, सायबाला नमस्कार केला. आय बसंना गाडीवर. म्हनती, आंधळ्याम्होरं जाऊन काय करू."

मी म्हणालो, "सोड आता. खुदानंच शिक्षा दिली."

"खुदानं दिली ती त्याची. माझी कुटंय?"

त्या हिवाळ्यात उस्मानाबादला डोळ्यांच्या आपरेशनचं शिबिर लागलं. पाटलाचे मुलगे सोलापुरात रमलेले, त्यांना सवड नव्हती. धुळाप्पा चावडीवर गेला आणि म्हणाला, "पाटील, म्या नेतो तुमास्नी. माज्या फटफटीवर." पाटलांनी चाचपत त्याचा हात धरला म्हणे. "जात धनगराची, पन मन मोठं हाय तुजं," ते म्हणाले. हे मला सांगताना धुळाप्पा हसला तसा मी त्याला कधी हसताना पाहिला नव्हता.

बसायच्या आधी पाटलांनी टाकीवरून हात फिरवला. "खरबरीत लागतीय. रंग कंचा हाय?"

"तुमीच बघा येताना," धुळाप्पा म्हणाला.

त्यानं म्हाताऱ्याचं सगळं केलं. पट्टी बांधलेली असताना घास भरवला, हात धरून परसाकडं नेलं. शिबिरातले लोक त्याला पाटलाचा मुलगा समजत होते. जखम भरल्यावर चष्मा आणायला पुन्हा तोच घेऊन गेला. बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा चष्मा डोळ्यांवर चढला, तसे पाटील दवाखान्याबाहेर येऊन फटफटीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "पिवळी व्हय! भंडाऱ्यासारकी." डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या.

"नीट दिसतंय न्हवं?" धुळाप्पानं विचारलं.

"झाडाचं पान आन् पान दिसतंय रं."

"मग बसा."

त्या दुपारी मी धनगरआळीत नागूबाईच्या दारात जाऊन बसलो होतो. मुद्दाम दुकान बंद करून गेलो होतो. लांबून आवाज आला. चावडीवर माणसं पाटलाला उतरवून घ्यायला जमली होती, पण फटफटी थांबली नाही. पाटील धुळाप्पाच्या कमरेला मिठी मारून, पायांत चपला घालून, आपल्याच चावडीपुढून बसून गेले. "आरं थांब, थांब," असं ते म्हणत होते म्हणे. फटफटी थांबली ती थेट नागूबाईच्या उंबऱ्यापाशी.

"उतरा पाटील," धुळाप्पा म्हणाला. "इथून पायी जायचं."

पाटील उतरले. जाड भिंगांतून त्यांनी धुळाप्पाकडं बघितलं, मग उंबऱ्यात बसलेल्या म्हातारीकडं, मग तिनं मुद्दाम पुढं पसरलेल्या वाकड्या पायाकडं. त्या पायावर त्यांची नजर बराच वेळ थांबली. आठवलं का असं विचारायची वेळच आली नाही.

"चपला पन काढा," नागूबाई म्हणाली.

पाटलांनी वाकून चपला काढल्या आणि हातात घेतल्या. नव्या चष्म्यानं जमीन वर आल्यासारखी दिसते, म्हणून ते पाय उंच उंच उचलत, दगड चाचपत चालू लागले. आळीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हाताऱ्या माणसाचे असे हाल बघून वाईट वाटायला हवं होतं असं मला पुढं पुष्कळांनी ऐकवलं. मला वाईट वाटलं नाही. मला ते गोड वाटलं, आणि आज लिहितानाही गोडच वाटतंय.

पाटील चावडीपाशी पोचत आले तशी नागूबाई उठली. पदर खोचला, वाकडा पाय आधी टाकून फटफटीच्या मागच्या गादीवर बसली आणि लेकाच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल," ती म्हणाली. "बेतानं चालव. त्येला बघू दे."

मी सायकलवर टांग टाकून मागं निघालो. पाटील चावडीच्या पायरीशी चपला हातात घेऊन उभे होते. पिवळी फटफटी त्यांच्यापुढून सावकाश गेली. नागूबाई मान ताठ ठेवून त्यांच्याकडं बघत होती. कोण आलंय हे या वेळी त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही.