बोटभर घट

नाते गावाजवळच्या एका आवारात, तारेच्या जाळीखाली, पत्र्याचे एक रुंद, गोल पात्र ठेवलेले आहे. त्यातले पाणी किती उतरले ते मी रोज सकाळी मोजते. सावित्रीच्या खोऱ्यात पडलेल्या पावसातले किती पाणी नदीने नेले, किती माणसांनी वापरले आणि किती हवेने उचलले, याचा अंदाज बांधणे हे माझे काम. जाळी आहे ती कावळ्याकुत्र्यांसाठी. त्या पात्रातले पाणी आकाशाखेरीज कोणी पिऊ नये, एवढीच अट.

एका चैत्रात घरोघरचा पाणीवापर नोंदवीत मी पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवर फिरत होते. कशेडी घाट चढणाऱ्या ट्रकांची घरघर उन्हात विरघळून येत होती. शेवटच्या घरातली बाई झऱ्यावरून हंडा घेऊन नुकतीच परतली होती. पदराला ओल्या पितळेचा वास होता.

"पानी मोजायला आलीस? मग हा हंडा घे डोक्यावर. मान सांगेल किती ता."

मी हसले आणि विचारले, "मावशी, घरात माणसं किती?"

"दोन. मी आन लेक."

झऱ्यावरच्या बायकांनी मला आधीच सांगितले होते. तिची लेक काही पावसाळ्यांपूर्वी कपडे धुवायला गेली आणि नदीच्या लोंढ्यात सापडली. तिच्या अंगावरची चिंधीही परत आली नव्हती. माझे पेन थांबलेले तिने पाहिले.

"रेशनच्या कार्डावरनं काढलीन तिला. आता तुझा कागुद तेवढा हाय. तू एक लिवलंस का ती गेली, बघ."

फळीवर तांब्याचा एक तांब्या होता, काठोकाठ भरलेला. तो लेकीचा. रोज दिवेलागणीला मावशी तो भरून ठेवी आणि सकाळी पाणी बोटभर खाली गेलेले असे.

"पाणी उडून जातं, मावशी. हवेनं."

"उडंल की. उन्हाळा हाय. पन श्रावनात गो? तवा माझं लुगडं चार-चार दिस वाळत नाय. आन हिचं पानी तेवढं उडतं?"

पावसाचे पाणी वजा केले, तर श्रावणात माझे पात्र जवळजवळ उतरतच नाही, हे मला ठाऊक होते. मी तिच्या देखत 'दोन' लिहिले.

महाडला परतल्यावर मात्र त्या रकान्यावरचे शब्द पुन्हा वाचले : प्रत्यक्ष राहणारी माणसे. मी 'दोन' खोडून 'एक' केले. तांब्यातली घट बाष्पीभवनात धरली. शास्त्राच्या दृष्टीने त्यात काहीच चूक नव्हती. तरी त्या दिवसापासून सकाळी पात्रावर वाकले, की पाण्यात दिसणारा माझा चेहरा मला क्षणभर अनोळखी वाटू लागला. जणू खालून कुणी वर पाहत होते.

श्रावण लागला तेव्हा मी तसाच एक तांब्या घेतला, घरातल्या फळीवर भरून ठेवला. रात्रभर कौलांवर पाऊस वाजत राहिला. सकाळी पाणी काठाशी तसेच होते, शेवाळी उजेड धरून, निश्चल.

त्याच दिवशी मी वाडीवर गेले. वाटेभर चिखलाला कुजक्या पानांचा, किंचित गोड वास होता. दारात ती बसली होती. तिच्यामागे फळीवर तांब्या होता. पाणी काठापासून बोटभर खाली.

"भिजलीस ना बाय! ये, आत ये." तिने पाठीवरून हात फिरवला आणि मग डोळ्यांत पाहत विचारले, "लिवलंस ना दोन?"

"हो," मी म्हणाले.

तिचा चेहरा उजळला. ती उठली, फळीवरचा तांब्या उचलून तिने हंड्यातल्या पाण्याने काठोकाठ भरला आणि माझ्यापुढे धरला.

"पी. तिचंच हाय. तू तिला ठेवलंस, तुला काय नाय म्हनायची नाय ती."

तांब्याचा काठ ओठांना गार लागला. पाण्याला मातीची आणि धातूची चव होती. मला एकच घोट गिळता आला.

तिने तांब्या माझ्या हातातून घेतला आणि पुन्हा फळीवर ठेवला. पाणी बोटभर खाली गेले होते.