तुलनेचं गाव

गडहिंग्लजच्या स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागली तेव्हा आबांनी माझी पत्र्याची पेटी स्वतः टपावर चढवली आणि खाली उतरून एवढंच म्हणाले, "मागं वळून बघू नगं. मागं बघण्यासारखं आपल्याला काय ठेवलंय?" आबा म्हणजे माझे वडील, दुसऱ्यांच्या उसात राबणारे. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर त्यांनी घरातले देव गाठोड्यात बांधून स्वतःच्या हातांनी हिरण्यकेशी नदीत सोडले होते आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. ते कंडक्टरशी बोलत होते तेवढ्यात आव्वानं, माझ्या आईनं, माझ्या मुठीत अंगाऱ्याची पुडी कोंबली. "बापाला सांगू नगस." धाकटी बहीण शकू खिडकीचा गज धरून उभी होती. गाडी हलली तरी सोडेना. "आक्का, फुडच्या खेपंला मला बी घिऊन जा की!" मी हो म्हणाले. निघणारा माणूस सगळ्यालाच हो म्हणतो.

साठच्या दशकाचा शेवट होता. मी नर्सिंगचं शिकायला निघाले होते. तुम्ही जे माझ्यासारखे गाव सोडून गेलात त्यांना पुढचं सांगायला नको. कोल्हापुरात आधी जीभ बदलली. हॉस्टेलात 'न्हाय' म्हटलं की पोरी हसायच्या, म्हणून मी 'नाही' म्हणायला शिकले. नोकरी लागल्यावर खोली शोधायला गेले, तर घरमालकीण आधी आडनाव विचारायची आणि मग खोली कालच दिलेली असायची. शेवटी रंकाळ्याच्या मागल्या अंगाला एक खोली मिळाली. स्टोव्ह, कॉट, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. सणाला घरी गेले की आव्वा शेजारणीला ओरडून सांगायची, "पावणी आली गं आमची!" पहिल्यांदा मला हसू आलं होतं. नंतर ते खरंच झालं.

पंचाहत्तरच्या आसपास मला एका संशोधनाच्या कामावर घेतलं. खेड्यांत नुकती जन्मलेली मुलं का दगावतात, याचा अभ्यास. आमच्याकडे मूल जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात दूध ओढेनासं व्हायचं, जबडा मिटायचा, हात लावला की काडीसारखं ताठ व्हायचं, आणि जायचं. लोक म्हणायचे, सटवीनं नेलं. तो धनुर्वात होता. नाळ विळ्यानं कापायची आणि वर शेणाची राख लावायची, त्यातून तो बाळाच्या अंगात शिरायचा. उपाय साधा होता. गरोदर बाईला सुई द्यायची, आणि सुईणीला कोरं पातं आणि उकळलेला दोरा.

पण अभ्यास म्हटला की तुलना आली. निम्म्या गावांना हे सगळं द्यायचं आणि निम्म्या गावांत नुसतं मोजायचं. जीपमधून जायचं, तराजूच्या आकड्याला फडक्याची झोळी अडकवायची, तीत बाळ ठेवून वजन घ्यायचं, कोण जगलं कोण गेलं ते विचारायचं आणि परत फिरायचं. बाया आधी वजनाला नाराज असायच्या, दृष्ट लागते म्हणून. मग सवय झाली. मला बघून म्हणायच्या, "वजनाची बाई आली. बाई, वजन झालं, आता औषध द्या की." मी म्हणायची, पुढच्या खेपेला. हे मला वरून शिकवलेलं उत्तर होतं.

कुठली गावं कशात, हे चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. आमचं गाव तुलनेत गेलं.

त्याच पावसाळ्यात शकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मी आमच्या डॉक्टरसाहेबांकडे गेले. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, एका घराला दिलं तर दुसऱ्याला का नाही? मग उद्या आपल्या कामावर विश्वास कोण ठेवणार? पुढच्या टप्प्यात तुमच्याच गावापासून सुरुवात करू." मी म्हटलं, "साहेब, बाळाला पुढचा टप्पा कळत नाही." मग मी शकूला सरकारी दवाखान्यात जायचा निरोप धाडला. ती आठ महिन्यांचं पोट घेऊन चिखलातून चालत गेली. तिथं सुईचा साठा संपला होता. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत.

तेव्हा मी पेठेतल्या दुकानातून एक नवं पातं घेतलं, दोरा उकळून वाळवला, दोन्ही स्वच्छ कागदात बांधलं आणि आमच्या गावावरून जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिलं. ओळखीचे होते. त्यांना चांगलं दोनदा बजावलं, "नाळ ह्यानंच कापायची, दुसऱ्या कशानं नाही." त्यांनी पुडकं पोचवलं आणि निरोपही शब्दाला शब्द सांगितला. ह्यात त्यांची काही चूक नाही.

आमच्या गावच्या फेरीचा दिवस आला आणि मी जीपमधून घरासमोर उतरले. तराजू खांद्याला होता. शकूचं बाळंतपण होऊन आठवडा उलटलाय एवढंच मला ठाऊक होतं. अंगणात बाया बसलेल्या बघितल्या आणि मला कळलं. मुलगी होती. सकाळीच पुरून आले होते. शकू भिंतीकडे तोंड करून पडली होती, तिचा पदर दुधानं भिजला होता आणि ते दूध प्यायला कोणी नव्हतं. आव्वा मला धरून स्वयंपाकाच्या कोपऱ्यात घेऊन गेली. तिथं पाटा उभा केलेला होता. त्याला हळदकुंकू, पुढं तांदळाची रास, आणि राशीवर माझं पातं. अजून कागदातच होतं.

आमच्याकडे पाचवीच्या रात्री सटवी येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात. तिच्यापुढे पाटा पुजतात आणि ज्यानं नाळ कापली ते हत्यार ठेवतात. आबांनी असलं काही घरात करायचं नाही म्हणून दम भरला होता, म्हणून आव्वानं ते कामावर गेल्यावर दुपारीच चोरून केलं. मी विचारलं, "आव्वा, नाळ कशानं कापली?"

"इळ्यानं. घरात इळा हाय की. त्ये पातं न्हाय वापरलं म्या. सटवीम्होरं उष्टं ठेवण्यापरीस कोरं बरं न्हवं का? तू येवढं कोल्हापुरास्नं धाडल्यालं." ती रडत होती, पण त्यात एक समाधानही होतं, आपण हात राखला नाही असं. मग तिचा आवाज चढला. "तरी न्हाय आयकलं तिनं. चोरून केल्याली पाचवी ती. तुझ्या बापानं देव बुडिवलं, त्याचं हे!"

आबा दाराशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

खरं काय ते सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण इकडे आड तिकडे विहीर. खरं बोलावं तर नात आव्वाच्या हातानं गेली असं ठरतं, गप्प बसावं तर आबांच्या. आणि त्या घरात कोण गेलं, कसं गेलं, हे मला कामावरची बाई म्हणूनही विचारायचं होतं. जीपचा ड्रायव्हर बाहेरून हाका मारत होता, अजून घरं राहिली होती.

संशोधन संपलं. ज्या गावांना सुया मिळाल्या तिथली मुलं जगली, आणि त्याचं मला समाधान नाही असं मी म्हणणार नाही. पण ते सिद्ध व्हायला आमच्यासारखी गावं लागली. पुढच्या टप्प्याला मंजुरी आली नाही. जीप परत गेली, साहेब दुसरीकडे गेले. शकूच्या नवऱ्यानं, मूल लाभत नाही म्हणून, दुसरी केली. ती तेव्हापासून माहेरीच आहे, लोकांच्या शेतात तण भांगलायला जाते. एकदा मी गेले तर आबा कोपऱ्यात पाट्यापुढं नारळ फोडत होते. हिरण्यकेशीत देव सोडणारा माणूस. माझ्याकडे बघून ओशाळले आणि म्हणाले, "तुझ्या आव्वासाठी गं." त्यानंतर फार जगले नाहीत. त्यांना मी सांगू शकले असते आणि तेवढं ओझं उतरलं असतं, पण मग ते आव्वाच्या डोक्यावर गेलं असतं. मी ह्यावर पुष्कळ विचार केला आहे. दुसरी वाट मला आजही दिसत नाही.

आता ऐंशीची सालं आहेत. मी कोल्हापुरातच आहे आणि माझी बोली कोणाला हसू आणत नाही. सुया आता खेड्यातही मिळतात, साठा असला तर. माझा सगळ्यात धाकटा भाऊ गौतम, त्याची बायको यंदा पहिलटकरीण आहे. तिला सुई मिळाली की नाही ते कळलेलं नाही. गेल्या आठवड्यात तेच कंडक्टर, आता निवृत्तीला आलेले, माझ्या दारात आले.

"तुमच्या आव्वानं सांगितलंय, सुनंच्या बाळंतपणाला ह्या खेपंला दोन पाती धाड. येका पात्यावर सटवी राजी झाली न्हाय म्हणत्यात. दोन्ही पाचवीलाच ठेवणार हायती."

घर म्हटलं की मला काय आठवावं, हे तुम्ही मला विचारू नका. उंबरा नाही, चूल नाही. ज्या माणसांना सगळं सांगायचं आहे आणि एक अक्षर सांगता येत नाही, ती राहतात तिथं माझं घर आहे. मी तिथली पावणी आहे, आणि माझ्यापुरतं मला वाटायचं की ते ओझं निदान मी एकटीच वाहते.

चहा पिऊन कंडक्टर उठले. चप्पल घालताना थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आनि व्हय, शकूताई स्टँडपतुर आलती. एकलीच. म्हणली, आक्काला सांगा, तिसरं एक पातं येगळं बांधून द्या. आव्वाला कळू दिऊ नगा. त्ये माझ्या हातात द्या."

मी पेठेत गेले आणि तीन पाती घेतली.