पाठमोरा माणूस आणि सेनाडा

सेनाडा कुणाच्याही घरी बसत नसे. चहा उभ्याने, गप्पा उभ्याने, आणि उभं राहायचं तेही दाराजवळ. डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनला आमच्या मागच्या गल्लीत ती राहायची आणि कपडे शिवून द्यायची. मूळची बोस्नियाची, नव्वदच्या दशकातल्या युद्धातून वाचून आयर्लंडला आलेली, साठीकडे झुकलेली. मी पहिल्यांदा तिच्याकडे ब्लाउज सैल करून घ्यायला गेले, तेव्हा तिने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, “बाकीचं कुठे आहे?”

“एवढंच असतं.”

“इथे? आयर्लंडात? तुला ब्लाउज नको, डॉक्टर हवाय.”

पण शिवलं मात्र चोख.

लॉकडाउनमध्ये आम्ही दोघी कालव्याच्या काठाने चालायला जायचो. तिचा वेग असा, की मला बोलताना धाप लागायची. तरी मी बोलायचे. “शाळा पुन्हा बंद होणार म्हणे.”

“तू पाहिलंस, की कुणी सांगितलं?”

“ग्रुपवर आलंय.”

“म्हणजे नाही पाहिलंस.”

“अगं बाई, गप्पा आहेत या, साक्ष नाही!”

साक्ष होती, हे मला नंतर कळलं. हेगच्या न्यायालयात एका कमांडरवरच्या जुन्या खटल्याची फेरसुनावणी चालू होती. सेनाडाच्या गावातले पुरुष शाळेच्या पटांगणात उभे करून मारले, त्यात तिचा धाकटा भाऊ एमीर होता. कोठाराच्या फटीतून तिने ते पाहिलं होतं. हुकूम देणारा माणूस तिच्याकडे पाठ करून उभा होता. लांब कोट, हातमोजे. चेहरा दिसला नाही. तो कमांडरच होता, असं सगळं गाव म्हणायचं. तिची बहीण मेलिहा त्या दिवशी दुसऱ्या गावी होती. आता ती बोस्नियाहून रोज फोन करायची. चेहरा पाहिला म्हण. एवढं एकच वाक्य म्हण.

मी घरी सांगितलं तेव्हा माझा नवरा म्हणाला, “मग म्हणून टाकायचं ना! तो तिथे होता हे सगळ्यांना माहीत आहे.”

“साक्ष तू देणार आहेस का?”

“मी आपलं व्यवहाराचं बोलतोय.”

व्यवहाराचं मीही बोलते. पण सेनाडाला हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. ती म्हणायची, “मी फट पाहिली, पाठ पाहिली, एमीरला पाहिलं. चेहरा मी आणायचा कुठून?”

साथीमुळे साक्ष व्हिडिओवरून, डब्लिनमधल्या एका कचेरीतून द्यायची होती. तिला गाडी येत नाही म्हणून मी घेऊन निघाले. तेव्हा घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती. नाक्यावर गार्डाने, म्हणजे इथल्या पोलिसाने, अडवलं.

“कुठे निघालात?”

“साक्ष द्यायला,” सेनाडा म्हणाली.

“गाडी ठोकली का कुणी?”

“नाही. युद्ध.”

त्याने हातातली वही मिटली. मग इथल्या पद्धतीने, ठीक आहे अशा अर्थी, “ग्रँड, ग्रँड” म्हणत बाजूला झाला.

साक्ष एका दिवसात संपली नाही. उलटतपासणी उरली होती, आणि ती होईपर्यंत साक्षीदाराने साक्षीबद्दल कुणाशीही अवाक्षर बोलायचं नाही, असा तिथला नियम. त्या संध्याकाळी आम्ही चाललो आणि पडद्यांच्या कापडाबद्दल बोललो. तिच्या खिशात फोन वाजत होता. थांबायचा, पुन्हा वाजायचा.

“उचल तरी. बोलता येत नाही एवढं सांग.”

“एवढं सांगितलं की ती पुढचं विचारणार. आणि मेलिहाने विचारलं की मी उत्तर देते. लहानपणापासून.” तिने फोन बंद केला आणि वेग वाढवला.

दुसऱ्या दिवशी आरोपीच्या वकिलाने तिला विचारलं, “म्हणजे तो माणूस आरोपीच होता, असं तुम्ही सांगू शकत नाही?”

ती म्हणाली, “नाही.”

गाडीत बसल्यावर मला एवढंच सांगितलं आणि म्हणाली, “चल, काम पडलंय.”

निकाल पुढच्या वर्षी लागला. बाकीच्या काही आरोपांवर कमांडरला शिक्षा झाली. त्यांच्या गावच्या आरोपातून तो सुटला. पटांगणातली हत्या मात्र न्यायाधीशांनी खरी धरली. तोवर त्या भागातले अधिकारी सांगत आले होते, की त्या गावात कुणाला मारलंच नाही. त्यांचा हा दावा मोडला तो सेनाडाच्या साक्षीने. मेलिहाला त्याचं काही नव्हतं. “तुझ्यामुळे सुटला,” एवढं बोलून तिने बोलणंच बंद केलं.

मी सेनाडाला विचारलं, “वाईट वाटतं?”

“वाटतं ना. तो सुटला. पण मी चेहरा पाहिला म्हटलं असतं आणि वकिलाने खोटं पकडलं असतं, तर बाकीचंही कुणी खरं मानलं नसतं. पाठही गेली असती आणि एमीरही गेला असता.”

प्रवास मोकळा झाल्यावर ती मेलिहाकडे निघाली. विमानतळावर मी तिला विचारलं, “दार उघडेल का ती?”

“नाही उघडणार.”

“मग कशाला जातेस?”

“एमीर कसा गेला, ते मी अनोळखी न्यायाधीशांना सांगितलं. तिला कधीच नाही सांगितलं. तीही फक्त त्या चेहऱ्याचंच विचारते.” तिने माझ्या हातातली बॅग ओढून घेतली. “तिला कळलं पाहिजे, तो शेवटपर्यंत शेजारच्या म्हाताऱ्याला आधार देऊन उभा होता.”

ती परत आली नाही. महिन्याभराने मेसेज आला: “सांगितलं. अर्धं दाराबाहेरून. उरलेलं तिच्या स्वयंपाकघरात.”