नायकांच्या पागोट्याभोवतीची धूळ

पुसेगावजवळच्या तांड्यावरचा देविदास राठोड दुरूनच ओळखू यायचा. भुवया पिवळ्या, कानातले केसही पिवळे. हा गडी शिंकला की समोरच्याला नवरदेवासारखी हळद लागायची. ट्रॅक्टरवर चालणारा हळद पॉलिशचा ड्रम घेऊन तो शेतोशेत फिरे. वाळलेली हळद आत टाकायची आणि ड्रम फिरवायचा. हळकुंडावर हळकुंड घासतं, धूळ उडते, माल चकाकतो. धूळ गेली की भाव आला, एवढं त्याचं शास्त्र.

त्यामुळे पुण्यात शिकणारी थोरली लेक निलम जेव्हा म्हणाली, "बा, मी दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या धुळीवर काम करते," तेव्हा त्याला पुढचं काही विचारावंसंच वाटलं नाही. त्यानं तांडाभर सांगून टाकलं, "आमची निलम तारे पॉलिश करून राहिली!"

बातमी तांड्याचे प्रमुख, नायक प्रेमदास यांच्या कानावर गेली आणि ते भडकले.

"इतकं शिकून पोरगी लोकाच्या ताऱ्यांची झाडझूड करून राहिली? आपल्या तांड्यात काय धूळ कमी हाय? वापस बोलव तिला!"

नेमकं पुढच्या महिन्यात निलमला चिली देशातल्या मोठ्या दुर्बिणीवर जायचं होतं. तीही एक नंबरची हट्टी. "बा, तुमी मनापासून जा म्हणल्याबिगर मी जात न्हाई," म्हणून अडून बसलेली. देविदासाची झोप उडाली. नायकांचा शब्द मोडला तर तांड्यात राहायचं कसं, आणि नाही मोडला तर लेकीला तोंड दाखवायचं कसं?

शेवटी त्याची बायको शकुंतलाबाई वैतागली. तिनं नायकांना ड्रमपाशी बोलावून घेतलं आणि मोबाईलवर लेकीला व्हिडिओ कॉल लावला. निलमनं एक फोटो दाखवला. अंधारात एक फिकट कडं आणि मधोमध काळा ठिपका.

"तारा कुठंय?" नायकांनी विचारलं.

"झाकलाय, काका."

"ज्याचा फोटू काढायचा त्यालाच झाकलं?"

"त्याच्या उजेडात बाजूची धूळ दिसत न्हाई. तिथं दगडावर दगड घासतात, त्याची ती धूळ. ती पुसायची न्हाई, नुसती बघायची. तिच्यावरून तिथल्या ग्रहांचा पत्ता लागतो."

तारा मागच्या बाजूला निघाला असेल म्हणून नायकांनी फोन उलटा करून पाहिला. मग फोन शकुंतलाबाईच्या हाती देऊन त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि भाषण सुरू केलं.

देविदासाला त्या भाषणापेक्षा काम बरं वाटलं. त्यानं ड्रम चालू केला. ऊन कललं होतं. धूळ उडाली, आणि नायकांच्या लांब सावलीतून त्यांच्याकडे बघता बघता त्याचा आ वासला. नायकांच्या पागोट्यानं सूर्य बरोबर झाकला होता, आणि एरवी कधी न दिसणारी धूळ त्या पागोट्याभोवती कणाकणानं पेटली होती.

"नायक, हालू नका!" तो ओरडला. उभ्या जन्मात तो नायकांवर ओरडला नव्हता.

"काहून? साप हाय का?"

"धूळ हाय!"

सगळा तांडा त्या सावलीत गोळा होऊन नायकांकडे बघत राहिला. नायकांना राहवेना. ते बघायला वळले आणि सगळं नाहीसं झालं.

"हाललाव ना तुमी!" बायका कोकलल्या.

मग देविदास त्यांच्या जागी जाऊन उभा राहिला आणि नायक त्याच्या सावलीत येऊन बघू लागले.

"अरारा, देविदास! लई धूळ हाय रे तुझ्याभवती!"

"मग पोरीला वापस बोलवू का?" देविदासानं तिथूनच विचारलं.

"ते तुझं तू बघ. तू फक्त हालू नको."

देविदासानं मान न वळवता फोनच्या दिशेनं हाक मारली, "जा गं पोरी! मनापासून म्हणून राहिलो, जा!"

फोनमधून निलमचं हसू ऐकू आलं. देविदासाचे डोळे भरून आले होते, पण ते पुसायला हात वर केला असता तर नायक रागावले असते.