वस्तीवरची शाळा आणि माझा अहवाल

सोलापूर स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत माझे वडील, अप्पा, खिडकीचा गज धरून उभे होते. "अर्थशास्त्र म्हंजी काय शिकनार गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सरकारनं लोकांचं भलं कसं करावं, ते." अप्पा हसले. "मग शीक की. लई गरज हाय."

दिल्लीत शिकले आणि तिथंच धोरणांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत लागले. फ्लॅट झाला. डेटा, प्रेझेंटेशन, पॉलिसी यांत दिवस जायचे आणि माझ्या गावचं, वळसंगचं 'न्हाय' मी मीटिंगांमध्ये गिळायला शिकले. अप्पा गेले. घर भाऊ सिद्राम आणि त्याची बायको रेणुका बघू लागले.

कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळांत मिसळाव्यात, हा अहवाल माझा. मोठ्या शाळेत शिक्षक जास्त, संगणक, ग्रंथालय. कागदावर सगळं पटण्यासारखं होतं. सरकारनं तो मान्य केला, पेपरात माझा फोटोही आला.

संक्रांत झाल्यावर घरी गेले, तर ते कात्रण भिंतीवर चिकटवलेलं. आणि भाची अंबिका भर शाळेच्या वेळेला अंगणात.

"शाळा नाही का हिला?"

"वस्तीवरली बंद झाली की, ताई," रेणुका म्हणाली. "गावातल्या शाळंत घातलंय. मधी हायवे हाय, ट्रक काय थांबत न्हाईत. घरीच बसीवली."

"मग तक्रार नाही केली?"

"बाकीची गेलती कचेरीत. आमी न्हाय गेलो. तुमी लिवलंय म्हनल्यावर बरंच आसंल की. आपली ताई वाईट कशाला करंल?"

टोमणा असता तर उत्तर तरी देता आलं असतं. तिचा खरंच विश्वास होता. मला मान वर करवेना. अहवालात शाळेचं अंतर होतं, मधला हायवे नव्हता. आणि त्याच रस्त्याच्या कडेनं मी लहानाची मोठी झाले होते.

दुसऱ्या दिवशी सिद्रामला घेऊन मी शिक्षण खात्याच्या कचेरीत गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि नम्रपणे म्हणाले, "मॅडम, शिफारस तुमचीच आहे ना?" सिद्राम माझ्याकडं न बघता खिडकीबाहेर बघत राहिला.

शाळा उघडली नाही. अहवालाला पुरवणी जोडण्यासाठी मी संस्थेत अजून भांडतेय. वस्तीवरच्या बायकांनी मात्र वाट बघितली नाही. रोज पाळीपाळीनं दोघी मुलांना हायवे पार करून देतात. अंबिका पुन्हा शाळेत जाते.

माझ्यासारखे गाव सोडून गेलेले बरेच जण घर म्हणजे सुट्टीत विसावायची जागा समजतात. मीही समजत होते. आता दर महिन्याला गावी जाते. परवा रेणुकाचा फोन आला, "ताई, सोमवारी हितं हायसा न्हवं? पोरं सोडायची बारी तुमची लावलीया."

"व्हय," मी म्हटलं.

लाज गेलेली नाही. ती घेऊनच रस्त्यात उभी राहते, ट्रककडं बघत हात वर करते, आणि शेवटचं मूल पलीकडं पोचेपर्यंत खाली घेत नाही.