भीती ज्यांच्यासाठी, त्यांच्याजवळ

त्र्यंबकपंत मास्तरांची व माझी पहिली भेट वाशीमला एका वादात झाली. धूर दिसला की तेथे अग्नी आहे, हे सिद्ध करण्यात मी काशीला तारुण्य घालवले होते. पंतांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "शास्त्रीबोवा, चूल कोणी पेटवली आणि कशासाठी, हे तुमच्या न्यायशास्त्रात कुठे येते?" त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य, त्यांच्यासमोर मात्र ते अद्याप कबूल केलेले नाही.

पंतांचा मनुष्यस्वभावाचा सारा अभ्यास त्या चुलीभोवती फिरला. दगड घरंगळतो त्याला कारण असते. माणूस निघतो तेव्हा त्याने काही ठरवलेले असते. म्हणून त्याला वेडा म्हणण्यापूर्वी 'तुला काय साधायचे आहे?' असे विचारावे, हे त्यांचे मत. मते पुष्कळांची असतात. पंतांनी आपले मत अनसिंगच्या बाजारात जिवावर उदार होऊन वापरले.

त्या वर्षी नदीवर पूल बांधणे चालू होते, आणि त्याच्या पायात पुरायला मुले पळवतात अशी अफवा गावोगाव पसरली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा परमुलखातल्या एका फिरस्त्याला लोकांनी झाडाला बांधले होते. हाताहातांत दगड होते. मी पंतांची बाही ओढली. बाही फाटली, पंत पुढे गेले.

"सखारामभाऊ, काहून मारता याले?"

सखाराम माळी सर्वांत पुढे होता. "लेकरं पयवते हा. मास्तर, तुमी बाजूले व्हा."

"बरं. मंग तुमची लेकरं आता कोनापाशी हायेत?"

सखाराम मळ्याच्या दिशेला वळला. मग हळूच म्हणाला, "मळ्यात. इहिरीपाशी खेळून राह्यले."

"एकटेच?"

सखारामाने दगड टाकला आणि मळ्याकडे धाव घेतली. मागोमाग दुसरे, तिसरे. फिरस्त्याच्या पोत्यात एक घोंगडी आणि भाकरीचे तुकडे निघाले. दोराची गाठ पंतांना सुटेना, ती शेवटी मी सोडली.

वाटेत मी म्हणालो, "त्यांना अडाणी तरी म्हणायचे."

"म्हटले असते, तर पहिला दगड मलाच बसला असता. शिवाय ते खरे नव्हते. ते भ्याले लेकरांसाठी, आणि उभे राहिले भलत्याच जागी."

गेल्या हिवाळ्यात पंतांना छातीच्या दुखण्याने धरले. डॉक्टरांचा चेहरा पाहून मी ओसरीवरच थबकलो. आतून क्षीण आवाज आला, "शास्त्रीबोवा, भिता आहात ना? मग तिथे काय करता?"

पंत उठले, पंचाहत्तरीला पोहोचले. माझी भीती मात्र उठून गेलेली नाही. हल्ली लढाईच्या अफवा रोज येतात, आणि पुढच्या बाजारात तो प्रश्न कोण विचारील, ते मला दिसत नाही. ईश्वराने पंतांना निरोगी शंभरी द्यावी. हे मागणे भीतीपोटीच आहे. म्हणून मी माझे बिऱ्हाड त्यांच्या शेजारी हलवले आहे.