रिठी गावात राहणारी माणसं

सव्वीस वर्षं मी चंद्रपूरला भूगोल शिकवतेय. 'गडचिरोली: घनदाट वने, विरळ लोकसंख्या' हे वाक्य दरवर्षी पोरांकडून पाठ करून घेते, आणि वैनगंगेपलीकडे मात्र कधी पाय टाकला नव्हता. यंदा आमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या शेवंताबाईंनी त्यांच्या माहेराची लोकसंख्या विचारली. सरकारी यादीत शोधली, तर गावापुढे एकच शब्द होता: निरंक. चूक असेल, म्हटलं. त्या म्हणाल्या, माझी बहीण तिथंच राहते, जाऊन पाहा. शनिवार-रविवारला दोन रजा जोडल्या आणि निघाले.

जाणार असाल तर अहेरीकडची सकाळची पहिली एसटी धरा. बायकांना तिकीट अर्धं. कंबरेला मात्र सवलत नाही. आष्टीच्या पुलापुढे खड्डे चुकवत रस्ता शोधावा लागतो, आणि समोरून खनिजाचे ट्रक एकामागून एक येत राहतात. जमिनीतला दगड बाहेर न्यायची एवढी घाई, आणि फाट्यापासून गावापर्यंत साधी खडी नाही! चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्याचा नाला ओलांडला, तेव्हाच माझं डोकं तापायला सुरुवात झाली होती.

गाव दिसलं. तीसेक घरं, हिरवीगार धानाची बांधी, आणि मला बघायला जमलेली बरीच 'निरंक' माणसं. शेवंताबाईंची बहीण वनिताबाई हिनं वास्त्याची भाजी केली होती. बांबूचे कोवळे कोंब बारीक चिरून, भातासोबत. इतकं चविष्ट मी बऱ्याच दिवसांत खाल्लं नव्हतं.

जेवताना तिनं सगळं सांगितलं. तिच्या आज्याच्या वेळी पटकीची साथ आली. तेव्हाच्या रीतीप्रमाणे अख्खं गाव उठून नाल्यापलीकडे मांडव घालून राहिलं. नेमका त्याच दिवसांत मोजणीवाला आला, रिकामी घरं पाहिली आणि कागदावर लिहून गेला: रिठी. म्हणजे ओसाड. माणसं साथ संपल्यावर परत आली. शब्द तिथंच राहिला.

वनिताबाईची लेक प्राची बारावी झालीय, नर्सिंगला नंबर लागलाय. वसतिगृहाचा अर्ज मंगळवारपर्यंत द्यायचा आणि त्याला रहिवासी दाखला हवा. तो नाही तर वसतिगृह नाही, आणि वसतिगृह नाही तर शिक्षण नाही. सोमवारी आम्ही तिघी तालुक्याला गेलो.

कारकुनानं नोंद पाहिली आणि म्हणाला, "रिठी गावचा दाखला कसा देऊ? तिथी कोणी राहातच नाई."

"सर, मी तिथूनच आली ना," प्राची म्हणाली.

माणूस वाईट नव्हता, हेच जास्त चीड आणणारं. नाल्यापलीकडच्या गावाचं नाव टाका, दहा मिनिटांत देतो, सगळे तसंच करतात, असं त्यानं समजुतीनं सांगितलं. खरंच होतं ते. रेशन पलीकडचं, मतदान पलीकडचं, पोरांचे दाखले पलीकडचे. गावात कोणी राहतं याचा पुरावा म्हणून दाखवायला कागदाचा चिटोरा नाही, कारण प्रत्येक कागद मिळवायला आधी गाव नाकारावं लागतं. मी टेबलावर हात आपटला. तक्रार करू, वर जाऊ, दाखला याच गावाचा घेऊ, असं बरंच काही बोलले.

वनिताबाईनं मला बाजूला घेतलं. "बाई, भांडून पाह्यलं आमी. तुमाले चंद्रपूरले जाचं हाये. हिले उद्या फारम भराचा हाये."

तुमचं अक्षर चांगलं, म्हणत प्राचीनं दाखल्याचा अर्ज माझ्यापुढे सरकवला. राहण्याचे ठिकाण या रकान्यात मी पलीकडच्या गावाचं नाव लिहिलं.

परतून आठवडा झाला. तुम्हीही जा, लोक प्रेमानं जेवू घालतील. पावसाळ्यात नाल्याचं पाणी विचारून मगच निघा. प्राचीला वसतिगृह मिळालं, वनिताबाईचा फोन आला होता. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण राग गेलेला नाही, आणि आता तो कारकुनापाशी थांबत नाही. तो मोजणीवाला निदान रिकामी घरं बघून लिहून गेला. मी त्या घरात जेवले, आणि तरीही त्या गावातलं एक माणूस माझ्या हातानं कमी केलं.